अर्धा बिघडलेला डायोड

औंध, २ ऑक्टोबर १९७५
आज पक्का निश्चय. ह्यांचा ट्रक दसऱ्याआधी दुरुस्त करून विकायचा. लष्करातून सुटल्यावर ह्यांनी डिस्पोजलच्या लिलावात घेतला होता. ते गेल्यापासून शेडमध्ये उभा आहे. आप्पासोभावजी म्हणाले, "वैनी, कोंबड्या अंडी घालाय लागल्या त्यात. इका आता." विकायला माझी मुळीच ना नाही. पण बंद गाडी कोण घेणार? मेकॅनिक नको. ह्यांची इंग्रजी पुस्तिका आहे, डिक्शनरी आहे, मी आहे.

५ ऑक्टोबर
दोन्ही बॅटऱ्या चार्ज करून आणवल्या. किल्ली फिरवली. कंट्रोल बॉक्समध्ये 'टक्' झालं आणि इंजिन एकदम चालू! आवाज थेट ह्यांच्या वेळचा. फार वेळ ऐकवेना. लगेच बंद केलं. ज्या अर्थी ऐकवत नाही, त्या अर्थी कुठंतरी दोष आहेच. उद्या बॉक्स उघडायचा.

६ ऑक्टोबर
'टक्' करतो तो सोलेनॉइड. वीज मिळाली की बॅटरी स्टार्टरला जोडून देतो. उघडून पुसला. एक स्प्रिंग उडाली. कोंबडीवर संशय आहे.

८ ऑक्टोबर
बॉक्समधला डायोड काढून बल्ब लावून तपासला. एका बाजूनं बल्ब लागतो, उलट धरला की लागत नाही. म्हणजे अर्धा बिघडलेला. मी नसते तर हे कोणाच्या ध्यानात आलं असतं?

१० ऑक्टोबर
ह्यांच्या पलटणीतला हुसेन सांगलीच्या विश्रामबागेतून आला. भावजींनीच बोलावलेला. म्हणाला, "भाबी, डायोडचं कामच त्ये! एकीकडनं सोडायचं, दुसरीकडनं अडवायचं. चांगला हाय की. काढला कशापायी?" खात्रीसाठी, म्हटलं. "बसवून देऊ?" नको म्हटलं. शिकायचं तर स्वतः शिकावं. मग त्यानं चहा मागितला. दुसरा कपही घेतला. गाडीचा विषय पुन्हा काढला नाही.

१३ ऑक्टोबर, खंडेनवमी
पाने, पक्कड, डायोड, सगळं धुऊन पूजेला मांडलं. पूजेतल्या हत्याराला हात लावायचा नाही. काम बंद. माझा इलाज नाही.

१४ ऑक्टोबर, दसरा
भावजींनी सांगलीकडचं गिऱ्हाईक आणलं. नानासो, ऊसवाले. सोलेनॉइड, डायोड सगळं समजावून सांगितलं. गाडी चालू होत नाही, दिवाळीनंतर या, म्हटलं. माणूस शांतपणे ऐकून घेतो.
मग म्हणाला, "आवं वैनी, इंजान कुनाला पायजे? उसाच्या ट्रॉलीला खालचा साटा, निस्ता सांगाडा, न् चाकं पायजेत."
ट्रॅक्टर लावला, ओढत नेली. वळणावर भावजी टोपी काढून उभे होते. मी तेवढा कंट्रोल बॉक्स मागून घेतला.

रात्री
बॉक्स स्वयंपाकघरात फळीवर ठेवला आहे. उद्या स्प्रिंग शोधायची. विकायची घाई होती म्हणून चुका होत होत्या. आता दुरुस्ती नीट होईल.