फोन केला – जया

ब्रह्मपुरी,
१६ डिसेंबर २००७

मिथुनभाऊ,

नमस्कार. आई बरी आहे. तलावात यंदा मासळी ठीक आहे. तू विचारलं नाहीस, तरी लिहिते. ईमेल करत नाही, कारण मागचा तू मित्रांना हसायला पाठवलास.

तुझा निरोप मिळाला. आपल्या प्रोग्रामिंग परिषदांच्या यादीतून नागपूरची नोंद गुपचूप काढायची आणि फेब्रुवारीतली तुझी नवी परिषद टाकायची. यातलं काहीच मी करणार नाही.

यादी आपण दोघांनी सुरू केली, पण आता ती गावोगावचे लोक मिळून चालवतात. इंटरनेटवर कोणीही वाचतं, म्हणूनच नियम ठेवला: एकाने नोंद भरायची, दुसऱ्याने हॉलवर फोन करून खात्री करायची आणि खाली आपलं नाव लिहायचं. मागच्या महिन्यात रस्त्याच्या खोदकामात आमच्या गल्लीतली टेलिफोनची केबल तुटली; घरून ना फोन, ना इंटरनेट. तेवढ्यात तू ही नागपूरची नोंद भरलीस आणि खाली लिहिलंस, "फोन केला – जया."

मी केला नव्हता. हॉल ठरलाच नव्हता. नंतर मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "आधी लोकं जमतेत का पाहू, मंग हॉल घेऊ म्हटलं. नाई जमले. तुही यादी काय सरकारी गॅझेट हाय? एक ओळ काढाले काय जाते? तुले अक्षरं कोनं शिकवले?"

तूच शिकवलीस. शाळेत जायच्या आधी, अंगणात, कोळशाने. चुकलं तर पुसू द्यायचा नाहीस. आडवी रेघ मारून शेजारी बरोबर लिहायला लावायचास. नोंदीवर तशीच रेघ मारली आहे. शेजारी लिहिलं आहे, "ही परिषद ठरली नव्हती. जयाने फोन केला नव्हता. दोन्ही मिथुनने लिहिलं." बाकीच्यांना विचारून तुझा पासवर्डही बंद केला.

चिडशील. चीड.

माझ्याकडे कॉम्प्युटर शिकायला येणाऱ्या दिव्याने बाजारातल्या सायबर कॅफेत नोंदीखाली माझं नाव वाचलं आणि नागपूरला जायचं ठरवलं. घरचे एकटीला सोडेनात, म्हणून सोबत एक मोठं माणूस गेलं. कोण, ते मी लिहिते आणि खोडते आहे.

बाबा गेले. वक्त्यांमध्ये तुझं नाव होतं ना. इस्त्रीचा सदरा घालून गेले.

परत आल्यावर मी विचारलं, "कसं झालं, बाबा?"

"मस्त झालं वं! एवढा मोठा हॉल. आपला पोट्टा असा बोलला! मले काई समजलं नाई, पन टाळ्या लय पडल्या."

दिव्या खाली बघत होती. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं. हॉलवर लग्न होतं. चौकीदार म्हणाला, "कायची परिषद? वऱ्हाडी असान त जेवाले बसा." बाबा जेवले नाहीत. तू उशिरा येशील म्हणून दुपार उलटेपर्यंत फाटकाशी उभे राहिले. बसमध्ये तिला म्हणाले, "घरी नोको सांगू, पोरी. त्याची इज्जत जाते."

अजून ते पानठेल्यावर तुझं भाषण सांगतात. लटारूकाका बाबांना नावाने हाक मारून चिडवतात, "इस्तारी, पोट्टा बोलला तरी काय?" आणि बाबा दर वेळी काहीतरी नवीन रचतात. मी तोंड उघडत नाही. त्यांच्यासाठी. तुझ्यासाठी नाही.

फेब्रुवारीची नोंद इतरांसारखी पाठव. हॉलवर मी फोन करीन. ते हो म्हणाले तरच टाकीन.

बाबा पुढच्या परिषदेची तारीख विचारतात. मी सांगणार नाही. तू इथे ये, त्यांच्यासमोर बस आणि तू केलेलं भाषण त्यांच्या तोंडून ऐक.

या पत्राखालचं नाव मात्र मीच लिहिलं आहे.

जया