सोडलेल्या नारळांच्या वाट्या

हेदवी,
१६ सप्टेंबर २०२५

ती. मथुराताईंस,
काशीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र गौरीच्या आदल्या दिवशी मिळालं. आईंना दोनदा वाचून दाखवलं. ऐकून त्यांनी घडी घातली आणि देव्हाऱ्यामागे ठेवलं, नेहमीसारखं. तुमच्या कानांना मशीन लागलं का ते कळवा. फोनवर बोलता येत नाही, पण पत्र लिहायला मला जड जात नाही.

तुमच्या भावाला जाऊन वर्ष झालं. भटजींनी सांगितलं ते सगळं केलं. बायका रडल्या. मी वाढायला उठले, कारण भात निवत होता. होडी सापडली, माणूस सापडला नाही, हे मी आता बसची वेळ सांगावी तसं सांगते.

बाजाराचं विचारलंत. गणपतीपुळ्याला दर रविवारी हाताने केलेल्या वस्तूंचा बाजार भरतो. वाडीतल्या बायकांच्या गटाला तिथे एक मांडव मिळालाय. रुचिरा गटाची प्रमुख, ती टोपल्या विणते. राहीकाकी कापडी पिशव्या शिवते. मी करवंट्यांच्या वाट्या आणि आमटी वाढायच्या डवल्या करते. आधी काचेने खरवडायचं, मग पॉलिश पेपर, शेवटी खोबरेल. संध्याकाळपर्यंत हात दुखतात, तेवढं कळतं.

यंदा करवंट्या कमी पडल्या. नारळी पौर्णिमेला समुद्रात सोडलेले नारळ चार दिवसांनी किनाऱ्याला लागले होते. मी तेवीस गोळा करून आणले. आपल्या वाडीत त्यांना पोरंसुद्धा शिवत नाहीत हे मला ठाऊक आहे. वाकताना भीती वाटेल असं वाटलं होतं, पण काहीच वाटलं नाही. एकाला सोनेरी कागद होता. तो आईंनी सोडलेला, कागद मीच चिकटवला होता. तोही घेतला. वाट्या छान झाल्यात.

माया आहेच, ती तशीच राहू द्या.
तुमची,
काशी

भांडुप,
२३ सप्टेंबर २०२५

चि. सौ. काशीस,
मथुराचे अनेक उ. आशीर्वाद.

‘सौ.’ लिहून खोडलंय, तिकडे बघू नकोस. हाताची जुनी सवय.

मशीन लागलं. आता कुकरची शिट्टी ऐकू येते आणि तुझ्या भावोजींची कुरकुरही, तेव्हा फायदा कितपत झाला देव जाणे. बाजारात भाव सांगताना गिऱ्हाइकाकडे बघत जा. तुझ्या लग्नात तू सगळा वेळ जमिनीकडे बघत होतीस, नवरदेव झालेला आपला दीपेश मला विचारत होता की हिचं काही हरवलंय का.

पण काशी, नारळांचं वाचून माझे हातपाय गार पडले. अगं, घरात खोबरं नव्हतं का? आई गुडघाभर पाण्यात उभी राहून आपल्या माणसांसाठी मागणं मागते. तो नारळ तू घासून विकायला ठेवलास? तू दुष्ट नाहीस, हे मी जाणते. म्हणूनच घाबरले.

आईला वेगळं पत्र टाकलंय, तुला रागावू नको, जवळ घे म्हणून. तिची पत्रं तूच वाचून दाखवतेस, म्हणून ते रुचिराच्या पत्त्यावर पाठवलं. ती शिकलेली आहे, नीट वाचून दाखवील.

जेवत जा. राग धरू नकोस, असा माझा हट्ट समज.
तुझी,
मथुराताई

हेदवी,
६ ऑक्टोबर २०२५

ती. मथुराताईंस,
सा. न. वि. वि.

रुचिराने पत्र वाचून दाखवलं. आईंना, आणि मग गटाच्या बैठकीत.

तिला दोष देत नाही. तिचा नवरा आणि दीर दोघेही होडीवर आहेत. त्याच आठवड्यात राहीकाकीच्या मुलाचं जाळं खडकात फाटलं होतं. बायकांचं म्हणणं असं की मी सगळ्या वाट्या समुद्राला परत द्याव्यात आणि सगळ्यांसमोर गाऱ्हाणं घालून चुकलं म्हणावं. दिवाळीआधीच्या रविवारपर्यंत. नाहीतर मांडवात माझी जागा नाही.

वाट्या परत द्यायला माझी हरकत नाही. पोत्यात भरून ठेवल्यात. पण ताई, चुकलं असं मला म्हणता येत नाही. हट्ट नाही हा. आत काही हललंच नाही तर समुद्रासमोर उभं राहून काय म्हणू? तेवढं खोटं तरी बोलू नये असं वाटतं. म्हणजे जागा जाईल. करवंट्या घासणं एवढंच एक काम आहे ज्यात दिवस सरतो. ते गेलं तर दिवसाचं काय करायचं, ते मला सुचत नाही.

आईंनी अकरा दिवस शब्द काढलेला नाही. मी केलेलं जेवतात आणि पाठ करून निजतात. त्या वर्षभर देव्हाऱ्यापुढे बसतात, मी वर्षभर भांडी घासते. त्यांचं दुःख खरं आहे, माझ्यात काहीतरी खोट आहे, असं त्यांच्या पाठीकडे बघून वाटतं.

लोभ कमी झाला असेल तर तसं कळवा.
काशी

भांडुप,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. काशीस,
अनेक आशीर्वाद.

माझ्या हाताला काय धाड भरली होती! तू विश्वासाने मला एकटीला लिहिलंस आणि मी ते गावाला वाचायला दिलं. घर सांधायला गेले आणि तुझीच जागा घालवली. मला क्षमा कर, म्हणजे तुला जमेल तेव्हा कर.

चुकलं म्हणवत नसेल तर म्हणू नकोस. भाऊबीजेला येते, ओवाळायला भाऊ नाही तरी येते. तोवर आईला सांभाळ. तिला विचार तरी, गप्प का आहे ते.

तुझीच,
मथुराताई

हेदवी,
२० ऑक्टोबर २०२५

ती. मथुराताईंस,
काशीचा सा. न. वि. वि.

काल रविवार. पहाटे उठले तर पोतं जागेवर नव्हतं आणि आईही नव्हत्या. समुद्रावर जाऊन बघितलं, तिथे कोणी नाही. तवसाळच्या धक्क्यावर गेले, तर फेरीबोटीवरचा माणूस म्हणाला की म्हातारी पोतं घेऊन पहिल्या फेरीने पलीकडे जयगडला गेली. वर्षभरात त्यांनी खाडी ओलांडलेली नव्हती.

गणपतीपुळ्याला पोचले तर आई मांडवात, माझ्या जागेवर. वाट्या ओळीने मांडलेल्या. बायका लांब उभ्या. काय झालं ते राहीकाकीने सांगितलं. रुचिराने हटकल्यावर आई म्हणाल्या की नारळ माझा होता, तेव्हा आधी माझं ऐका. त्या म्हणाल्या की यंदा पाण्यात उभी राहिले, हात वर केले, ओठ हलवले, पण मागणं आलंच नाही. आत कोरडं होतं. रिकाम्या मनाने सोडलेला नारळ समुद्राने घेतला नाही, यात काशीचा काय गुन्हा? गाऱ्हाणं घालायचं तर मीच घालीन. हे बोलून त्यांनी वाटी पदराने पुसली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवली.

मी शेजारी जाऊन बसले. आईंनी विचारलं की वायच चहा घेतलास का. मी नाही म्हटलं. मग आम्ही दोघी वाट्या पुसत बसलो. ताई, एका चुलीपाशी राहून वर्षभर आम्ही एकमेकींपासून तेच लपवत होतो. मला वाटायचं त्या रडतात. त्यांना वाटायचं मी रडते, हे त्यांनी तिथेच सांगितलं.

चार वाट्या गेल्या. दुपारी रुचिराने टोपल्या सरकवून जागा केली. पुढच्या रविवारचं कोणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही. तुमच्यावर राग नाही.

परतीच्या फेरीत आई कठड्याला रेलून खाली पाणी बघत होत्या. बोट वळली, एक लाट आडवी लागली आणि त्या वाकल्या. मी ओरडले. एवढ्या मोठ्याने, की इंजिनावरचा माणूस धावत आला. त्यांना दोन्ही हातांनी धरलं आणि मग सोडवेना. मला भीती वाटली, ताई. जयगडपासून तवसाळपर्यंत वाटत राहिली.

भाऊबीजेला या. आम्ही दोघी वाट बघतो.
तुमची,
काशी