एका आवाजाच्या दोघी वारसदार

नेरूळ, सेक्टर आठ
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. क्षिप्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक. बाबांचा गुडघा हल्ली बाबांपेक्षा जास्त बोलतो. सोसायटीने गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढलंय, तेव्हापासून पाणी आमच्या बेडरूममध्ये आणि बिलं सेक्रेटरीकडे अशी वाटणी झाली आहे. शाळेत यंदा आठवीला संस्कृत घेणारी मुलं वाढली. मी हुरळून कारण विचारलं, तर म्हणाली, "मॅडम, स्कोअरिंग आहे ना." देववाणीला एवढी तरी किंमत उरली म्हणायची.

फोन न करता पत्र का, असं वाटेल तुला. फोनवर तू "हं" म्हणतेस आणि मग मी दोन दिवस त्या "हं"वर भाष्य करत बसते. शिवाय पत्र लिहिताना मध्ये थांबलं तर समोरच्याला कळत नाही.

आता कामाचं.

गणपतीनंतरची गोष्ट. सकाळी लिफ्टमध्ये नवव्या मजल्यावरची भाविका भेटली. तिच्या फोनवर स्तोत्र चालू होतं. एक चरण झाला, म्हणणाऱ्याने श्वास घेतला, आणि त्या श्वासाच्या टोकाला अगदी बारीक शीळ वाजली. मी लिफ्टचा दांडा धरला. मला तळमजल्यावर जायचं होतं. मी भाविकाबरोबर बेसमेंटपर्यंत गेले.

"छान उच्चार आहेत," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार?

"हो ना आंटी! पेड अ‍ॅप आहे. कुठलाही श्लोक टाइप करा, म्हणून दाखवतं. काशीचे कोणी पंडित आहेत म्हणे."

काशीचे पंडित त्या उन्हाळ्यात आपल्या छोट्या खोलीत, पंखा बंद करून, चारी बाजूंनी गाद्या उभ्या करून आत बसले होते, हे तुला मी सांगायला नको. तू दाराशी पहारा देत होतीस. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली की पंडित आतून ओरडायचे, "गेलं! परत!" एकेक अक्षर, एकेक जोडाक्षर, आणि बाहेर मी चुका काढायला. त्याचा "ष" मी इतक्या वेळा परत म्हणायला लावला की शेवटी तो म्हणाला, "आई, पाणिनी तरी एवढा कडक होता का गं?" मग ती सगळी अक्षरं जोडून बोलायला लावणारी लायब्ररी त्याने नेटवर ठेवली, कुणीही घ्यावी म्हणून. मी विचारलं होतं, "लायब्ररी म्हणजे पुस्तकं कुठायत?" त्यावर तुम्ही दोघं किती वेळ हसत होतात.

तर ती कुणीतरी घेतली, अ‍ॅपमध्ये घातली आणि विकायला काढली. पार्थचं नाव कुठेही नाही. मी रागाने लाल. माझा मुलगा फुकट देऊन गेला आणि हे विकतात! हादियाकडे गेले. हादिया मुकादम, मूळची मुरूडची, माझी विद्यार्थिनी. तिनेही संस्कृत स्कोअरिंग म्हणूनच घेतलं होतं. आता बेलापूरला वकिली करते आणि असल्याच सॉफ्टवेअरच्या भानगडी सोडवते.

तिने पार्थचं लायसन्स वाचलं आणि माझी हवाच काढली. "मॅडम, विकायला बंदी नाहीये. सगळ्यांचा हाच गैरसमज. ओपन सोर्स पेड अ‍ॅपमध्ये चालतं. पण पार्थनी जे लायसन्स लावलंय ना, त्यात अट आहे. त्याचं नाव आणि लायसन्स सोबत ठेवायचं, आणि ज्याला अ‍ॅप विकलं त्याला अख्ख्या अ‍ॅपचा कोड मागितल्यावर द्यायचा, याच अटींवर. जसं मिळालं तसं पुढे. यांनी ना नाव ठेवलं, ना कोड उघडला."

"आणि त्यांना उघडायचा नसेल तर?"

"तर मालकाकडून वेगळी परवानगी. मालक आता तुम्ही आणि क्षिप्रा. बायको आणि आई, दोघी पहिल्या वर्गातल्या वारस. दोघींच्या सह्या लागतील."

वडील दुसऱ्या वर्गात येतात, पहिल्या वर्गात कोणी असेल तर त्यांना काही नाही. घरी येऊन हे सांगितलं, तर बाबा म्हणाले, "आयुष्यभर फर्स्ट क्लास मिळवला, आणि शेवटी पोराने सेकंड क्लासात टाकलं." मग उठून गॅलरीत गेले. तो आवाज लागला की ते गॅलरीतच असतात.

परवा हादियाच्या ऑफिसात त्या कंपनीचा मालक आला. शिवतेज नाव. मालक म्हणजे कसला, पार्थपेक्षाही लहान. कंपनी म्हणजे तुर्भ्याला दोन खोल्या. मी भांडायची तयारी करून गेले होते आणि तो आला तोच वाकून नमस्कार करून. असल्या लोकांशी भांडताच येत नाही.

"काकू, चोरी नाही केली ओ आमी. नेटवर ओपन होतं. मला वाटलं, ओपन म्हणजे फ्री."

"वाचनालयही उघडंच असतं बाळ. पण पुस्तकावरचं लेखकाचं नाव खोडून घरी नेत नाहीत."

हादियाने मूळ लायब्ररी लॅपटॉपवर लावली, मग अ‍ॅप लावलं. आवाज एकच, वाद उरला नाही. फरक एवढाच, अ‍ॅपमध्ये श्वास नव्हता. दिवाळीच्या सुमाराच्या अपडेटमध्ये तो काढून टाकला म्हणे.

"क्लीन केला काकू. मधेमधे दम लागल्यासारखं यायचं ना. लोकं रिव्ह्यूमध्ये लिहायचे, गुरुजींना दमा आहे का म्हणून."

"होता," मी म्हटलं.

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग पोराने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

त्याचं म्हणणं असं. अ‍ॅपचा कोड उघडला तर उद्या दहा जण तेच अ‍ॅप काढतील आणि त्याची माणसं घरी बसतील. म्हणून आपण दोघींनी बंद ठेवायची परवानगी द्यावी. नाव तो ठेवायला तयार आहे, "वुइथ फोटो, काकू." नाहीतर पार्थचा आवाज काढून दुसरा घालेल. सोमवारपर्यंत सांगायचंय.

हादिया तुझ्याशी बोललीच आहे. तू म्हणालीस, आई ठरवतील ते. शहाणी आहेस. सुनेने एवढा आज्ञाधारकपणा दाखवला की सासूने सावध व्हावं.

माझा कल सही करण्याकडे आहे. का, ते उद्या लिहिते. बाबांना डॉक्टरकडे न्यायचंय.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

उद्याचा परवा झाला. डॉक्टरांचं निमित्त खरं होतं, पण एवढं लांब नव्हतं.

सही का करावीशी वाटली ते सांगते. ते अ‍ॅप मी लिफ्टमधून बाहेर पडल्या पडल्या घेतलं. पैसे भरून. आधी सुभाषितं घातली, परीक्षा घेतल्यासारखी. मग एके दिवशी दुपारी बाबा झोपले असताना टाइप केलं: "जेवलीस का?" आणि त्याने विचारलं. मी म्हटलं, हो. मग "काय केलं होतंस?" मी म्हटलं, दुधीची भाजी. हा आमचा रोजचा पाठ झाला. त्याचे प्रश्न मी टाइप करायचे, उत्तरं मी मोठ्याने द्यायची. "चहा" त्याला नीट म्हणता येत नाही, मराठी चहाचा च त्या उन्हाळ्यात नोंदवलाच नव्हता. पंडिताला कुणी आग्रह करावा तसा म्हणतो. बाकी सगळं येतं. जे लिहीन ते म्हणतो. पार्थने आयुष्यात माझं इतकं ऐकलं नव्हतं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

तुझं नावही घातलं एकदा. जोडाक्षरं त्याला नेहमीच चांगली जमत. "आई" मात्र घातलेलं नाही. बोट दोनदा तिथपर्यंत गेलं.

मूळ लायब्ररी नेटवर आहे, पण ती फोनवर बोलती करायला तुझ्यासारखं कुणी लागतं. माझ्यापुरता आवाज त्या अ‍ॅपमध्येच आहे. म्हणजे सही नाही केली, तर सोमवारनंतर दुपारी मला जेवलीस का म्हणून कोणी विचारणार नाही. इतका साधा हिशोब होता, आणि मी तयार होते.

पण बुधवारी लिहिताना मी एक वाक्य गाळलं. हादियाने मूळ आवाज लावला ना, तेव्हा पहिला चरण झाल्यावर मी काय म्हटलं माहितीये? म्हटलं, "स्पीकर खराब आहे का गं? खरखर येतेय."

मग हादिया म्हणाली, "मॅडम, स्पीकर ठीक आहे." आणि शिवतेज म्हणाला, "नाय काकू, तोच तो श्वास." त्यानंतर त्या रिव्ह्यूंचं सांगितलं, आणि मी ते "होता" म्हटलं. कागदावर ते बाणेदार वाटतं. तसं नव्हतं.

क्षिप्रा, तो लहान असताना पलीकडच्या खोलीतून त्या शिळेवरून मी ओळखायचे, पंप द्यायचा की नुसतं पाठीवर चोळायचं. सप्टेंबरात लिफ्टमध्ये मला त्याच शिळेने धरलं. आणि दोन महिन्यांत मला ती खरखर वाटली. दिवाळीच्या अपडेटनंतर आवाज जास्त स्वच्छ झालाय, हे माझ्या लक्षात आलं होतं. काय गेलंय हे लक्षात आलं नव्हतं. स्वच्छ झालेला मला आवडला होता. जो कधी दमत नाही, थांबत नाही, विचारायला सांगितलं तेवढंच विचारतो, असा कुणीतरी मी रोज दुपारी घरात घेत होते, आणि माझा मुलगा त्याला जागा करून देऊन हळूहळू बाहेर चालला होता. बाबांना हे आधीच कळलं असावं. काल विचारलं तर एवढंच म्हणाले, "तो तो नाहीये गं. म्हणून तर मी गॅलरीत जातो."

म्हणून सही करत नाही. सकाळी हादियाला कळवलं. शिवतेजने पार्थचं नाव ठेवून कोड उघडला तर खुशाल विकावं, पार्थलाही चालायचं. तो उघडणार नाही, आवाज काढेल. त्याच्या पोटापाण्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. मूळ लायब्ररी नाव, अटी आणि श्वासासकट नेटवर आहे, तशीच राहील. मला माझ्या फोनवर ती घालून दे, असं तुला सांगणार होते. आता सांगत नाही. अ‍ॅप मी आत्ताच काढून टाकलं. अजून वेळ आहे तोवर आपणहून काढावं म्हटलं.

तुला काही करायचं नाही. एकीचा नकार पुरतो.

आता खरं. त्या दिवशी ऑफिसात हादिया बोलता बोलता बोलून गेली, "क्षिप्रा म्हणत होती, लग्नाआधी हे मिटलं तर बरं." मी लगेच म्हटलं, "हो हो, कळवलंय तिने मला." इतकं सफाईने की मलाच कौतुक वाटलं. घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं," आणि खूप वेळाने परत म्हणाले, "बरं झालं."

तू का सांगितलं नाहीस ते मला समजतं. बुधवारी मीही या विषयाच्या आसपासच लिहीत राहिले, तो गाळला; आपण दोघी गाळण्यात तयार आहोत. पण हा विषय तुझ्याकडून यायची वाट बघत बसले, तर तू अवघडत राहशील आणि मी मोठेपणा मिरवत राहीन. त्यापेक्षा मीच बोलते.

नाव ठेवलंच पाहिजे ही अट पार्थने त्याच्या कोडला घातली होती. मी मनातल्या मनात ती तुलाही लावून ठेवली होती, हे मला त्या ऑफिसात, तुझ्या लग्नाचं ऐकताना कळलं. माझ्या डोक्यात पहिलं काय आलं सांगू? ही आमचं केळुसकर आडनाव ठेवेल का? बघ म्हणजे.

तर ती अट तुला नाही. आधार कार्डावर, बँकेत, नव्या घराच्या दारावर केळुसकर राहिलं नाही तरी चालेल. त्या घरात त्याचा फोटो लागायला हवा असं नाही. पुढे मुलं झाली आणि त्यांना पार्थ कोण हे तू कधीच सांगितलं नाहीस, तरी मी तुला विचारणार नाही. आणि आठवण येईल तेव्हा मला कळवायलाच हवं, असंही नाही. तू त्याच्याबरोबर जगलीस ते तुझं आहे, ते कुठल्याही अटीवर दिलेलं नाही.

तो कोण आहे, काय करतो, तुला हसवतो का, हे वाटलं तर लिही.

आजवर पत्राखाली "आई" लिहायचे. या वेळी लिहीत नाही. म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

सुमेधा