तळ्याचा उभा छेद

नाना,

तुमचं ते चित्र परवा माझ्याकडे आलं. भावानं जळगावचं घर विकायला काढलंय. सामान आवरताना त्यानं ते जुन्या चादरीत गुंडाळून धुळ्याला पाठवलं आणि फोनवर म्हणाला, "नानांची आठवण म्हणून तुला. तूच तर त्या तळ्यात खेळायचीस." खेळायचीस! मी फोन ठेवला आणि चिडले ते तुमच्यावर. त्याच्यावर चिडून काय उपयोग, लहानपणी त्याला जे सांगितलं गेलं तेच तो बोलत होता. चित्र अजून चांगलं आहे. काळ्या शाईच्या रेघा जराही फिकटल्या नाहीत. वर लिहिलंय, 'घरगुती तळ्याचा उभा छेद'. मातीचे थर दाखवलेत, बाण काढून कडेला लिहिलंय की काळी माती, शेण आणि भुसा, तुडवून, जाडी नऊ इंच. उजव्या कोपऱ्यात चौकट, चौकटीत तुमचं नाव आणि तुमची सही. दुसरं कुणाचं नाव नाही. मला माहीत होतं की नसणार, तरी चष्मा लावून चारही कोपरे पाहिले.

तुम्ही पाटबंधारे खात्यात ट्रेसर होतात. साहेबांनी पेन्सिलीनं काढायचं, तुम्ही ते शाईनं गिरवायचं. जन्मभर धरणं गिरवली, पाट गिरवले, पण पायाला चिखल म्हणून लागू दिला नाही. कॉलनीत सगळे तुम्हाला इंजिनिअर म्हणायचे आणि तुम्ही एकदाही कुणाला दुरुस्त केलं नाही. मोठ्या साहेबांच्या बंगल्यात कमळाचं तळं होतं, सिमेंटचं, छोटंसं. एकदा चहाला बोलावलं तेव्हा तुम्ही ते पाहिलंत आणि डोक्यात घेतलंत की आपल्याही परसात तसंच झालं पाहिजे. आपल्याकडे नळ दोन दिवसांआड यायचा. मे महिन्यात दुपारी अंगणात पाय ठेवला तर पोळायचा. आई म्हणाली, "एवढं पाणी त्या डबक्यात ओतायचं?" तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. "डबकं म्हणायचं नाही. तळं म्हणायचं." त्या दिवसापासून तो शब्द घरात बंद झाला. आईचे आणखी कितीतरी शब्द असेच बंद झाले होते. ती चोपड्याकडची, पण तुमच्यासमोर तिनं 'आहे'ऐवजी 'शे' म्हटलेलं मी ऐकलं नाही. ऑफिसातली माणसं घरी येतात, ती हसतील, असं तुमचं म्हणणं होतं.

तुम्ही काय केलंत, तर साहेबांच्या तळ्याचा नकाशा ऑफिसातून आणलात आणि तोच गिरवलात. रेघ न् रेघ. चार फूट रुंद, सहा फूट लांब, दोन फूट खोल, तळाला तीन इंच काँक्रीट. खड्डा खणून झाल्यावर गवंडी काठावर बसला आणि म्हणाला, "साहेब, खाले काई माटी शे. पानी पी का ती फुगस, सुकनी का आखडस. पहिले मुरूम टाका." तुम्ही नकाशा त्याच्या नाकासमोर धरलात. "यात कुठं मुरूम आहे, दाखव." कसा असणार? साहेबांचा बंगला मुरमाच्या टेकडावर होता, त्यांना मुरूम टाकायची गरजच नव्हती. आपलं घर कपाशीच्या काळ्या रानात पाडलेल्या प्लॉटवर. एवढं साधं. पण जे गिरवायचं त्यात नाही, ते जगात नाही, अशी तुमची रीत. गवंडी सांगितलं तसं करून निघून गेला.

पहिल्या उन्हाळ्यात तळाला केसाएवढी चीर पडली. दुसऱ्या उन्हाळ्यात तीत माझं बोट जायला लागलं. तुम्ही सिमेंट भरायचात, वर्षभरात ते शेजारून फुटायचं. दोष आधी गवंड्याचा होता, मग शेजारच्या निंबाच्या मुळांचा, मग आईचा, कारण ती काठावर भांडी आपटते. पाणी उतरलं की मी आणि आई बादल्यांनी भरायचो. मलेरियावाल्यांनी दिलेले गप्पी मासे घमेल्यात काढायचे, कमळाचा कंद ओल्या गोणपाटात ठेवायचा, तुमचं सिमेंट वाळलं की सगळं परत आत. रविवारी सकाळी सगळी कॉलनी कुणाच्या ना कुणाच्या टीव्हीसमोर बसायची, तेव्हा आम्ही दोघी परसात. तुम्ही ओट्यावरून सांगायचात, "डाव्या बाजूला कमी आहे." आजही कुणी मला उभ्यानं सूचना दिल्या की माझं डोकं फिरतं.

नववीच्या सुट्टीत मी मामाकडे गेले. मामाच्या केळीत विहिरीचं पाणी ज्या खड्ड्यात पडायचं, ते थारोळं नुसत्या मातीचं होतं. सिमेंटचा कण नाही आणि पाण्याचा थेंब मुरत नव्हता. मी मामाच्या सालदार गड्याला विचारलं, हे फाटत कसं नाही? तो हसला. "काई माटीले सुकू दिधं का ती फाटस. वल्ली ठेव, मंग बठ्ठं पानी धरीसन ऱ्हास." मग त्यानं मला सांगितलं, शेण किती, भुसा किती, थर कसे द्यायचे आणि पाय दुखले तरी तुडवायचं कसं थांबायचं नाही. मी वहीच्या मागच्या पानावर सगळं लिहून घेतलं. मला इतका आनंद झाला होता, नाना. जी माती तुमचं तळं फोडत होती तीच ते राखणार होती, फक्त तिला वाळू द्यायचं नव्हतं. एस.टी.त सगळा रस्ता मी ठरवत होते की तुम्हाला कसं सांगायचं.

तुम्ही वही हातात घेतली नाहीत. "म्हशी बसवायच्या आहेत का माझ्या परसात? तुला काय कळतं यातलं?" एवढंच. आणि पुन्हा पेपर उघडलात. मी ते वाक्य पुढे पुष्कळांच्या तोंडून ऐकलं, सासऱ्यांच्या, हेडमास्तरांच्या, बँकेतल्या माणसाच्या. पण पहिल्यांदा ते तुमच्याकडून मिळालं.

दहावीची परीक्षा झाली त्या मे महिन्यात तुम्ही खात्याच्या परीक्षेला पंधरा दिवस नाशिकला गेलात. तुमची गाडी सुटली असेल नसेल, मी शेजाऱ्यांकडून पहार आणली. आई दारात उभी होती. मला वाटलं ती ओरडेल. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "आधी मासे तर काढ." दोन दिवस आम्ही काँक्रीट फोडलं. हाताला फोड आले. मागच्या गल्लीतल्या गवळ्याकडून शेण आणलं, भुसा आणला, खणलेली काळी माती चाळून भिजत घातली आणि तुडवायला लागलो. चार दिवस, सकाळ-संध्याकाळ. आई गुडघ्यापर्यंत चिखलात, खांद्यावर माझा हात, आणि ती हसते आहे. तशी हसताना मी तिला आधी पाहिलं नव्हतं, नंतरही फारसं नाही. "माले मन्हा बापना घरनी याद उनी व बेटा," ती म्हणाली. तुमच्या घरात, मोठ्यानं. थर ओला असतानाच आम्ही गोणपाट अंथरलं आणि नळ येईल तसं पाणी सोडत गेलो. कडेला खडूनं खूण केली. पाच दिवस झाले, ऊन ओतत होतं, आणि पाणी उन्हानं उडालं तेवढंच खाली गेलं.

तुम्ही आलात आणि थेट परसात गेलात. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तुम्ही फूटपट्टी आणली. रोज ऑफिसला जाण्याआधी वाकून पाणी मोजायचात आणि फूटपट्टी पुसून खिशात ठेवायचात. पंधरा दिवस. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे आणि वाट पाहायचे. मला शाबासकी नको होती. 'हे जमलं' एवढं म्हणाला असतात तरी पुरलं असतं.

मग मोठे साहेब घरी आले. मी पोह्यांच्या बश्या घेऊन परसात आले तेव्हा ते काठावर उभे होते. "काळ्या मातीत पाणी टिकवलंत? कसं काय?" आणि तुम्ही म्हणालात, "जुनी पद्धत आहे साहेब. जरा अभ्यास केला. घरातल्या बायकांकडून तुडवून घेतलं." तुडवून घेतलं! माझ्या हातात चार बश्या होत्या आणि त्या चारही मी नीट ठेवल्या, याचा मला आजही राग येतो. साहेब म्हणाले, याचं एक ड्रॉइंग करा. तुम्ही केलंत. माझी वही मागून घेतलीत तेव्हा मी वेड्यासारखी धावत आणून दिली. मला वाटलं, आता माझं नाव येईल.

जून संपता संपता मी तंत्रनिकेतनचा फॉर्म तुमच्यासमोर ठेवला. स्थापत्य पदविका, तीन वर्षं, गावातल्या गावात. पालकाची सही तेवढी हवी होती. मार्क होते. मी म्हटलं, "नाना, तळं मी केलंय. मला हे जमेल." तुम्ही चित्राला फ्रेम लावत होतात, फ्रेमला ठोकायच्या चुका तोंडात धरल्या होत्या. त्या काढून म्हणालात, "पोरीच्या जातीला साइटवर कोण उभं करणार? आणि तळं तू केलंस म्हणून चारचौघांत सांगत फिरू नको." शेवटची तारीख गेली तरी फॉर्म तुमच्या टेबलावर तसाच होता. आई म्हणाली, जाऊ दे. मी बी.ए. केलं, मराठी घेऊन. लग्न होऊन धुळ्याला आले, शाळेत शिकवलं. वाईट चाललं असं नाही. पण कुठं पाया खणताना दिसला की मी अजून थांबते, आत वाकून माती बघते, आणि मुलं म्हणतात आई चल ना. तो फॉर्म माझा होता, नाना. तुम्हाला फक्त सही करायची होती. जन्मभर दुसऱ्यांच्या रेघा गिरवणाऱ्या माणसाला स्वतःची एक सही करता आली नाही, आणि जिथं करायची नव्हती तिथं, या चित्रावर, किती ऐटीत केलीत.

लग्नाला सात-आठ वर्षं झाली होती, आई जाऊन वर्ष झालं होतं, तेव्हा तुमचं कार्ड आलं. माझ्या नावावर नाही, यांच्या नावावर. 'तळे साफ करण्यासाठी एकदा पूर्ण उपसले. आठ दिवस कोरडे राहिले. तेव्हापासून पाणी रोज चार बोटे उतरते. सौ. ने त्या वेळी नेमके काय केले होते, ते तिला विचारून कळवावे.' यांनी मोठ्यानं वाचलं. सासूबाई डाळ निवडत होत्या, त्यांनीही ऐकलं. 'सौ. ने केले होते.' तुमच्याच छापल्यासारख्या अक्षरात. इतक्या वर्षांनी कबूल केलंत, तेही जावयाला, पोस्टाच्या उघड्या कार्डावर, पाणी गळायला लागलं म्हणून. मला थेट विचारायला तुमचं काय जात होतं? यांनी विचारलं, "काय कळवू?" मी म्हटलं, "आता आठवत नाही म्हणून कळवा." यांनी तसं कळवलं.

पुढच्या थंडीत तुम्ही गेलात. दहाव्याला आले तेव्हा तळं पार कोरडं होतं, भेगांत मूठ जात होती. भावानं त्यात विटांचे तुकडे टाकून वर फरशी बसवली आणि स्कूटर लावायला लागला.

मला सगळं आठवत होतं, वहीत आणि चित्रात नव्हतं तेही. आजही आठवतं. तळ सुकला की वरून माती लिंपून भागत नाही. सगळा थर टिकावानं सोडवायचा, ढेकळं फोडायची, दोन दिवस भिजत ठेवायची. ताजं शेण आणि बारीक भुसा घालून पुन्हा तुडवायचं, तीन तीन इंचांचे तीन थर, प्रत्येक थर ओला असतानाच दुसरा द्यायचा. पाणी सोडताना गोणपाटावर सोडायचं. आणि साफ करायचं असेल तेव्हा कधीही पूर्ण उपसायचं नाही, वीतभर पाणी ठेवून हातानं गाळ काढायचा. एका कार्डावर मावलं असतं. तुमचा उन्हाळा त्यात निघाला असता आणि तळं पुढची वीस वर्षं टिकलं असतं.

हे पत्र कुठं पाठवणार? तुम्ही असतात तरी पाठवलं नसतं, कारण अजून माझा राग गेलेला नाही आणि जावा असंही फार वाटत नाही. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, यांनाही नाही. आठवत नाही असं लिहिलेलं ते कार्ड हे पोस्टात टाकून आले, त्या दुपारी मी घरात पुरणपोळ्या केल्या आणि आमरस केला. ना सण, ना कुणी पाहुणा. सासूबाईंनी विचारलं, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही. आंबे उतरायला लागलेत." आणि ताटात दुसऱ्यांदा वाढून घेतलं.