ताईचा डावा

वरठी,
४ डिसेंबर २०२२

प्रिय ताई,

घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. १० फेब्रुवारी २०१९. नागपूर, विभागीय स्पर्धा, ५७ किलो गट, अंतिम लढत. पाच पंचांपैकी तिघांनी समोरच्या मुलीला कौल दिला, दोघांनी तुला. तू हरलीस.

२. नवव्या दिवशी पंचफुलाबाईंच्या चहाच्या दुकानात एक आकडा सांगितला गेला. सरिताचा डावा ठोसा जाऊन परत यायला ०.८ सेकंद लागतात, त्या मुलीचा ०.५.

३. त्या आकड्यावर सेवकराम काकांनी एक विनोद केला. तो तू ऐकलास.

४. दुसऱ्या दिवसापासून तू सरावाला गेली नाहीस.

५. १७ नोव्हेंबर २०२२ला लक्षात आलं की आकडा चुकीचा होता.

६. २६ नोव्हेंबरला संध्याकाळी वरठीच्या रेल्वे फाटकावरून अकरा माणसं आपापल्या गाड्या हाताने ढकलत चालत गेली.

नाकाडोंगरीला तुझ्या फोनला रेंज नसते, आणि असली तरी हे फोनवर बोलायला लागले तर तू मध्येच बरं म्हणून ठेवशील. पत्र अर्धं वाचून ठेवलंस तरी पुढचा भाग कागदावर राहतो, म्हणून लिहिते आहे.

सहाव्या मुद्द्यापासून सुरू करते. दुकानातला नियम तुला आठवत असेल. बॉक्सिंगवरचा वाद जो हरेल त्याने फाटकापासून कारखान्याच्या वळणापर्यंत गाडीवर बसायचं नाही, ढकलत न्यायची. जिंकलेला बाजूने सायकलची घंटी वाजवत जातो. मोटरसायकलवाल्यांना सूट नाही, इंजिन बंद ठेवायचं. निकाल पंचफुलाबाई देतात. त्यांनी आयुष्यात एकच लढत पूर्ण पाहिली आहे, तुझी.

वाद अजून तेच आहेत. अली मोठा की टायसन, हा प्रश्न बाबा नोकरीला लागले तेव्हापासून चालू आहे आणि बाबा निवृत्त झाले तरी सुटलेला नाही. सेवकराम काका वीस टनांची क्रेन चालवतात, त्यामुळे वजनी गटांबद्दल शेवटचा शब्द त्यांचाच, असं ते मानतात. सायकल दुरुस्त करणारे मंगरू काका डावखुऱ्या बॉक्सरांचे भक्त आहेत. त्यांचं म्हणणं, डावखुऱ्याशी लढणं म्हणजे डाव्या पॅडलचा आटा, सवयीप्रमाणे फिरवला की सुटायच्या ऐवजी आणखी घट्ट बसतो. हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. बाकी दुकानात जे बोललं जातं त्यातलं फार थोडं बरोबर असतं. तिथल्या एकाही माणसाने कधी हातमोजा घातलेला नाही. अपवाद बाबांचा. त्यांनी एकदा तुझ्यासाठी ठोसे झेलायचे पॅड धरले आणि पुढचे दोन दिवस डाव्या हाताने जेवले. आईने विचारलं तेव्हा कारखान्यात मनगट मुरगळलं म्हणाले, आणि दुकानात मात्र पोरीने हात कसा बधिर केला ते चार वेळा सांगितलं.

तू बॉक्सिंग सुरू केलंस तेव्हा मी तेरा वर्षांची होते. मंगरू काकांनी ट्रकच्या जुन्या ट्यूबमध्ये धानाचा भुसा भरून तुला पहिली बॅग करून दिली होती. भोजराज सर शाळेच्या मैदानात चुन्याने रिंग आखायचे, आणि कोपऱ्यांना खांब नव्हते म्हणून चार पोरांना उभं करायचे. त्यातल्या एका कोपऱ्याला बहुतेक मी असायची. दोरी धरून उभं राहिलं की तुझ्या पायांचा आवाज जमिनीतून येतो. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू जिल्ह्यात पहिली आलीस त्या दिवशी घरी सगळे बोलत होते. मी वहीत तारीख लिहिली आणि पुढे तुझं वजन, तुझ्या फेऱ्या आणि पंचांचा निकाल. ती वही माझ्याकडे आहे. त्यात एकोणीस लढती आहेत आणि सोळा विजय. मला अभिमान असाच लिहिता येतो.

आता विनोदाबद्दल. सेवकराम काका म्हणाले होते, “सरिताचा डावा म्हंजे मालगाडी हाये. येते, पण गेट बंद झाल्यावर अर्ध्या तासानं.” तू सायकल टेकवून उभी होतीस, त्यांच्या पाठीमागे. सगळ्यांनी तुला पाहिलं आणि कोणाला हसू आवरता आलं नाही. तूही हसलीस. चहा पूर्ण घेतलास. कोणी मोजलं, एवढंच विचारलंस. पंचफुलाबाई रिकामे कप गोळा करू लागल्या. सकाळी हातमोजे पोत्यात बांधून तांदळाच्या कोठीवर ठेवलेले आईला दिसले. पुढच्या वर्षी वनरक्षकाच्या भरतीत तू पळण्यात मुलींमध्ये दुसरी आलीस आणि नाकाडोंगरीला रुजू झालीस. घरी सगळ्यांना वाटलं, बरं झालं, पोरगी मार्गी लागली. मलाही तसं वाटून घ्यायला सोपं गेलं.

आकडा चुकला कसा, ते तुला नीट कळायला हवं. तुझ्या लढतीचा व्हिडिओ आतेभाऊ धर्मेंद्रच्या नव्या फोनवर घेतलेला होता. त्यात त्या मुलीची पाठ आपल्याकडे होती, तिचा हात दिसत नव्हता. म्हणून तिचा ठोसा तिच्या उपांत्य लढतीच्या व्हिडिओवरून मोजला, जो बाबांच्या जुन्या फोनवर होता. ठोसा हनुवटीपासून सुटून परत येईपर्यंत तुझ्या किती फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली एकेक चित्रं, झाल्या ते मोजलं. चोवीस. तिच्या पंधरा. सेकंदाला तीस फ्रेम धरून भाग दिला. बाबांचा फोन खरंच तीसवर चालत होता. धर्मेंद्रचा फोन साठवर होता. म्हणजे तुझा वेळ निम्मा. ०.४ सेकंद. तिचे ०.५ तसेच राहतात.

गेल्या महिन्यात कंपनीत एका प्रेसचा स्ट्रोक, म्हणजे दाबयंत्राची एक वरखाली फेरी, व्हिडिओवरून मोजायचा होता. नवीन सॉफ्टवेअर फाइल उघडताच कोपऱ्यात फ्रेमचा वेग दाखवतं. ते चालतं का हे पाहायला मी हाताशी असलेला एक जुना व्हिडिओ उघडला. तो तुझा होता. माझ्या कामाच्या लॅपटॉपवर तो काय करत होता हे विचारू नकोस. कोपऱ्यात ६० लिहिलेलं होतं. मी खुर्चीवरून उठले आणि पाण्याच्या मशीनपाशी जाऊन बराच वेळ उभी राहिले. माझं काम दुसऱ्यांची मोजण्याची साधनं तपासण्याचं आहे, ताई. वापरण्याआधी साधन तपासायचं, ही आम्हाला शिकवलेली पहिली गोष्ट आहे.

मग मी ती लढत व्हिडिओवर पहिल्यांदा पूर्ण पाहिली. तू हरलीस हे खरंच आहे, त्यात बदल होत नाही. पण हरलीस ते दुसऱ्या फेरीत. डावा मारून तीन वेळा तू बाजूला न सरकता सरळ मागे गेलीस, आणि तिन्ही वेळा तिचा उजवा बसला. तिन्ही वेळा तुझा डावा आधी लागलेला होता. तुझ्या हातात काही खोट नव्हती. चूक पायांची होती, आणि पायांची चूक दुरुस्त होते. भोजराज सर त्या आठवड्यात सरावात हेच समजावू लागले होते. तू पूर्ण ऐकायला थांबली नाहीस.

२६ तारखेला लॅपटॉप घेऊन मी दुकानात गेले. जनरल पाळी सुटली होती, सगळे जमलेले होते. बिस्किटांच्या बरण्या बाजूला सारून पंचफुलाबाईंनी जागा करून दिली. दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावले आणि कोपऱ्यातले ६० आणि ३० दाखवून चालवले. सेवकराम काकांनी चष्मा पुसून चार वेळा पाहिलं. मंगरू काकांनी विचारलं, मशीन खोटं तर बोलत नाही ना. मी म्हटलं, मशीन तेव्हाही खोटं बोललं नव्हतं. पंचफुलाबाईंनी स्टोव्ह बारीक केला. शेवटी सेवकराम काका म्हणाले, “म्हंजे पोरगी फास्ट होती, अन् आपनच हळू पाहून राहिलो होतो.”

निकालाची वाट न पाहता ते उठले, सायकलचं स्टँड पायाने वर केलं आणि ढकलत निघाले. त्यांच्या मागे मंगरू काका, मग बाबा, मग एकेक करून बाकीचे, मोटरसायकलींसकट. फाटक बंद होतं. मालगाडी जाईपर्यंत सगळे हँडल धरून रांगेत उभे राहिले. अठ्ठावन्न डबे होते. कोणीही विनोद केला नाही. फाटक उघडल्यावर वळणापर्यंत चालत गेले, आणि बाजूने घंटी वाजवायला कोणीच नव्हतं, कारण जिंकलेली व्यक्ती नाकाडोंगरीला होती. ती दहा माणसं. अकरावी गाडी माझी स्कूटी.

दुसऱ्या दिवसापासून नवीन वाद सुरू झाला आहे. सरिताचा डावा अलीला चुकवता आला असता का. सेवकराम काका म्हणतात आला असता, पण घाम फुटला असता. मंगरू काका म्हणतात, नाही. बाबा निवृत्त असूनही रोज पाच वाजता तयार होऊन जातात आणि तटस्थ असल्याचं नाटक करतात. पंचफुलाबाईंनी निकाल दिला आहे. “अलीले तुमी टीव्हीत पायलं. सरिताले म्या माह्या डोळ्यानं पायलं.” परवा सेवकराम काका पुन्हा सायकल ढकलत गेले. या वेळी हसत होते.

दिवाळीत आई तुझ्याकडे राहून आली. तू दुबळी झालीस, जंगलात रोज बारा किलोमीटर चालतेस, हे सगळं सांगून झाल्यावर तिने सहज सांगितलं की क्वार्टरच्या मागे सागाच्या झाडाला तू एक पोतं टांगलेलं आहेस. वाळूचं असेल म्हणाली. मी विचारलं, फाटलंय का. म्हणाली, एकाच जागी, तुझ्या खांद्याच्या उंचीवर, तळहाताएवढं, तिथे ठिगळ लावलंय. बाकी पोतं नवं आहे. मी झीज पाहून यंत्राबद्दल अंदाज बांधते, ताई. इतक्या लहान जागेत सगळे ठोसे पडतात याचा अर्थ मला कळतो. मी तारीख टाकून ते वहीत लिहिलं.

आता दुसऱ्या मुद्द्यात जे लिहिलं नाही ते. आकडा कोणी सांगितला. मी. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होते, मोजता येतं हे सगळ्यांना दाखवायचं होतं, आणि तू का हरलीस हे मला तुझ्यापेक्षा आधी कळलंय असं वाटत होतं. दुकानात सगळ्यांना हे माहीत आहे. तुला वाटलं सरांनी मोजलं. तू त्यांना विचारायला गेलीस तेव्हा ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. नंतर मला बोलावून एवढंच म्हणाले, “माझ्यावर येऊ दे. बहिणीबहिणीत आलं तर निस्तरत नाही.” मी येऊ दिलं. तीन वर्षं नऊ महिने तू त्यांच्याशी बोलली नाहीस, आणि मी प्रत्येक रक्षाबंधनाला तुझ्या शेजारी बसून जेवले. त्याबद्दल तुला जे बोलायचं असेल ते बोल, मी ऐकेन, त्याची घाई नाही. घाई दुसऱ्या गोष्टीची आहे. १८ डिसेंबरला भंडाऱ्याला जिल्हा निवड चाचणी आहे. नावं १४ तारखेला जातात. ५७ किलोच्या रकान्यात सरांनी तुझं नाव पेन्सिलने लिहून ठेवलं आहे आणि मला सांगितलं आहे की ते शाईने करायचं की खोडायचं हे फक्त तू ठरवशील. हातमोजे मी कोठीवरून काढून उन्हात ठेवले आहेत. तुमसरला बाजाराला उतरशील तेव्हा रेंज येते, तिथून एक मेसेज पुरे. येणार की नाही, ते मंगळवार, १३ डिसेंबरपर्यंत कळव.

तुझीच,
प्रतीक्षा