गाठीवरचं कलम

१५ जानेवारी, गुरुवार, सौंसर
सरलाची, म्हणजे माझ्या धाकट्या जावेची, तृप्ती नागपूरला रिसर्च करून राहिली. कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी एका जातीच्या दुसऱ्या जातीच्या कशा होतात, हा विषय. मंडळाच्या हळदीकुंकवात तिचं भाषण ठेवलं. वर शाल. मी सुचवलं, टॉवेल पुरे. कोणी ऐकलं नाही. मला मत्सर नाही.

१७ जानेवारी, शनिवार
जामसांवलीला जाऊन आले. मारुतीरायाला तृप्तीसाठी बुद्धी मागितली, मला थोडी जास्त. ठरवलं, प्रास्ताविक मीच करणार. फोनवर तृप्तीनं सांगितलं, औषधाच्या माऱ्यातून वाचायला काही गाठींतल्या पेशी आपला मूळ प्रकारच सोडतात, मग जुनं औषध चालत नाही. लगेच समजलं. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करतात, तसंच. म्हणते, तसं नाही मोठी आई. पोरीला बाग काय माहीत!

२० जानेवारी, मंगळवार, संध्याकाळ
प्रास्ताविक उत्तम. संत्र्याच्या कलमाचंच उदाहरण दिलं. साऱ्या बागवाल्यांच्या बाया, माना डोलवत होत्या. शेजारच्या धनश्रीनं विचारलं, "मंग हे कलम बांधते कोन?" थांबले असते तर तृप्ती उठली असती. म्हणून सांगून टाकलं, डॉक्टर. टाळ्या. नंतर तृप्ती माईकवर म्हणाली, कोणीच बांधत नाही, पेशी स्वतःच बदलते. तोवर अर्ध्या बाया वाण घ्यायला उठल्या होत्या.

२१ जानेवारी
धनश्रीच्या छातीत गाठ आहे. शुक्रवारी नागपूरला सुईची तपासणी ठरली होती. आता जात नाही म्हणते. सुई टोचली की डॉक्टर गाठीची जात बदलवतात, काकूंनीच सांगितलं म्हणे. तिचा नवरा देवीदास दारात उभा राहून विचारून गेला, खरं काय. माझ्या शब्दाला वजन आहे.
जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी.

२२ जानेवारी
तृप्ती दुपारभर धनश्रीच्या ओसरीवर. मीही गेले असते, पण पापड वाळत होते. कुंपणावरून ऐकू आलं: सुईनं गाठ जात बदलत नाही, सुईनंच तिची जात कळते. चांगलं वाक्य. मला सुचायला हवं होतं. वर म्हणाली, मोठ्या आईचं थोडं चुकलं. थोडं म्हणे! उपकार करून राहिली.

२३ जानेवारी, शुक्रवार, रात्री
धनश्री तयार झाली. तृप्ती, सरला सोबत. बसस्टँडवर धनश्री मलाही चला म्हणाली. मी सरलाकडे पाहून घेतलं आणि चढले. बस सुटताच धनश्रीला पेशींचं नीट सांगायला लागले.
ती म्हणाली, "काकू, काई समजावू नका. निस्त्या बसा."
बसले. सुईच्या खोलीबाहेर तिचा हात बर्फासारखा गार. सरलाचा हात पुढे येतच होता.
मी आधी धरला.