तीन गावांचा माणूस

छत्रपती संभाजीनगर

सर्वांना ठाव देणाऱ्या नारायणास वंदन करून लिहितो.

चि. तनुजास अनेक आशीर्वाद.

परदेशात आश्रय मागणाऱ्यांच्या अपिलांवर तू निर्णय देतेस. काल फोनवर म्हणालीस, "आजोबा, चार हजार अपिलं तुंबलीत. एका बाईनं तीन वेळा तीन गावं सांगितली. उद्या तिला न बोलावता कागदावरच फेटाळते."

तेव्हापासून बहात्तरच्या दुष्काळातले दौलताबाद डोळ्यांपुढून हलत नाही. तेथील धर्मशाळेच्या दारी मी येणाऱ्यांची नावे लिहून घेई. रांग संपवण्याची घाई मलाही होती. मुंजाबा नावाच्या मेंढपाळाने गाव आधी करमाड सांगितले, मग शेंद्रा, मग तिसरेच. त्याला खोटा ठरवून मी त्याच्या लेकुरवाळ्या पत्नीसह परतवून लावले.

तिथेच भाकऱ्या थापणारी माझी आई चुलीपासून उठून आली. "लई शिकला माझा पंडित! आरं, धनगराला गाव इचारतो व्हय? मेंढरं बसतील तिथं त्याचं गाव!"

हाताला भाकरीचे पीठ तसेच घेऊन ती त्यांच्यामागे धावली. ती माणसे सापडली नाहीत. आईच्या त्या हाका मला अजून ऐकू येतात.

तू त्या बाईला समोर बसवून तीन गावांचे कारण विचारावेस, असे फार वाटते. परंतु न्यायासनावरील नातीला आजोबाने पत्राने वळवणे हा अधर्म होय. म्हणून हे पत्र टपालात पडणार नाही. तुझी कचेरी उघडेपर्यंत देवापुढे बसून राहीन.

तुझा आजोबा,
आप्पासाहेब

हे ज्याच्या हाती पडेल, त्याला दारी आलेल्याचे पुरते ऐकून घेण्याइतकी सवड ईश्वर देवो.